नारायण वामन टिळक : ग्रंथवाचन आणि अंतर्बोध

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला :
• कवी नारायण वामन टिळक यांचा जीवनक्रम सांगता येईल.
• टिळकांच्या बायबल-वाचनाचे स्वरूप आणि त्या वाचनामागील वारकरी संस्कार स्पष्ट करता येतील.
• धर्मग्रंथाचे वाचन आणि काव्यनिर्मिती यांच्यातील नाते उदाहरणांसह विशद करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, शाळेच्या पाठ्यपुस्तकामुळे रेव्हरंड टिळक हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना परिचित असते. पारध्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीची त्यांची कविता अनेकांनी लहानपणी पाठ केलेली असते. फुलांमुलांचे कवी अशी त्यांची ओळख मराठी वाङ्मयाच्या इतिहासात रूढ आहे. ही ओळख खरी असली तरी अपुरी आहे. संस्कृतात मुरलेला, कोकणस्थ ब्राह्मण घराण्यात वाढलेला हा माणूस एक ग्रंथ वाचता वाचता आतून बदलत गेला. या बदलाची किंमत त्याने स्वतः दिली आणि त्याच्या कुटुंबानेही दिली. पुढे तो ग्रंथ त्याने मराठी भक्तिपरंपरेच्या भाषेत पुन्हा उभा केला. टिळकांच्या चरित्राचा हा गाभा आहे आणि या घटकात आपल्याला तोच पाहायचा आहे.

हा घटक लिहिताना धाराशिव जिल्ह्यातील विद्यार्थी माझ्या नजरेसमोर आहेत. टिळकांचे आयुष्य या जिल्ह्यात गेले नाही. तरीही त्यांचे वाचन समजून घेण्यासाठी आपल्या तेरची एक आख्यायिका उपयोगी पडते. तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईने गोरोबांना त्यांच्या थापटण्याविषयी विचारले आणि त्याने कोणते मडके कच्चे, कोणते पक्के हे कळते, असे गोरोबांनी सांगितले. मग त्यांनी जमलेल्या एकेका संताच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले. इतरांनी तो मार निमूटपणे सोसला, नामदेव मात्र रागावले आणि तेच कच्चे ठरले. पुढे विसोबा खेचरांना गुरू केल्यावर त्यांना पक्वता आली. बाहेरून सारखी दिसणारी मडकी आतून वेगळी असतात, हा या कथेचा मथितार्थ. धर्मग्रंथही थापटण्यासारखा हाती घेता येतो. मग वाचक ग्रंथाची परीक्षा करीत नाही, ग्रंथच वाचकाची परीक्षा करू लागतो. टिळकांच्या बाबतीत असेच घडले.

२. जडणघडण

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते आणि स्वभावाने करारी होते. आई जानकीबाई प्रेमळ होत्या, त्यांना कवितेची ओढ होती. आईचे छत्र लवकर हरपले. त्यानंतर घरात मन न रमल्याने नारायणाने घर सोडले आणि नाशिक गाठले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृत काव्यशास्त्राचे अध्ययन केले. इंग्रजी शिक्षण मात्र परिस्थितीमुळे अर्धवट राहिले. विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ कधीच नव्हती. जे मिळवले ते स्वतःच्या वाचनाने मिळवले, ही बाब मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्षात घ्यावी अशी आहे.

१८८०च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिकेशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक होत. टिळकांचा स्वभाव उदार, भाबडा आणि तितकाच लहरी होता. एका गावी, एका नोकरीत ते फार काळ टिकत नसत. शिक्षकी, कीर्तन, प्रवचन, कविता अशा वाटांनी त्यांचा संसार गावोगाव फिरत राहिला. १८९१च्या सुमारास ते नागपूरला आले. तेथील धनिक अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले आणि ‘ऋषि’ नावाचे धार्मिक मासिक चालवले.

बाहेरून पाहता हे एका विद्वान शास्त्र्याचे आयुष्य होते. आत मात्र अस्वस्थता होती. जातिभेदाने विस्कटलेला समाज त्यांना सलत होता. राष्ट्र उभे राहायचे तर त्याला नैतिक पाया हवा आणि तो परंपरेच्या केवळ कर्मठ आचरणातून मिळणार नाही, असे त्यांना वाटू लागले होते. नव्या धर्माची तत्त्वे आपणच मांडावीत, इथपर्यंत त्यांचे विचार गेले होते. ही अस्वस्थता ध्यानात घेतली नाही, तर पुढील घटना केवळ योगायोगाची वाटेल.

३. रेल्वेच्या डब्यातील भेट

१८९३ साली टिळक नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे सुरू झाले. संस्कृत काव्यावर गप्पा रंगल्या आणि मग विषय धर्माकडे वळला. निरोप घेताना त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत दिली. हा ग्रंथ मनापासून वाचाल तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्याने केले. टिळकांना ते भाकीत पटले नाही, पण पुस्तक वाचण्याचे वचन त्यांनी दिले आणि ते पाळले.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. मराठीत बायबल त्या वेळी नवे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी मराठी भाषांतराचे काम हाती घेतले होते. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) लिहिणारे बाबा पदमनजी यांच्यासारखे सुशिक्षित मराठी ख्रिस्ती लेखक टिळकांच्या आधीच होऊन गेले होते. त्या काळातील बराचसा व्यवहार वादाचा होता. मिशनरी हिंदू धर्मातील उणिवा दाखवत, शास्त्री त्यांना उत्तर देत. अशा वादात ग्रंथ हा पुरावा म्हणून वापरला जातो. त्यातून जिंकणे-हरणे साधते, अंतःकरण हलतेच असे नाही. टिळकांची तयारी वादाची होती. तरी प्रत्यक्ष वाचताना त्यांनी वाद बाजूला ठेवला, हे त्यांचे वेगळेपण होय.

४. गिरिप्रवचनाचे वाचन

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांत येशूने डोंगरावर केलेला उपदेश आला आहे. त्याला गिरिप्रवचन म्हणतात. नवा करार वाचताना टिळक येथे येऊन थांबले. प्रेम, करुणा आणि सत्य यांनी भरलेल्या या अध्यायांनी त्यांना जखडून ठेवले. तत्त्वज्ञानाच्या ज्या अवघड प्रश्नांनी त्यांना छळले होते, त्यांची उत्तरे त्यांना येथे दिसू लागली.

या प्रवचनाची रचना पाहिली म्हणजे त्याचा प्रभाव का पडला असावा, हे उमगते. जुने नियम बाह्य कृतीविषयी बोलतात. गिरिप्रवचन प्रत्येक वेळी कृतीच्या मागे, मनात उतरते. हत्या तर वाईटच, पण मनात धरलेला राग हे हत्येचेच बीज आहे. दान द्यावे, पण त्याचा गाजावाजा करू नये. प्रार्थना चव्हाट्यावर न करता खोलीचे दार लावून एकांतात करावी. उपवासाची खूण चेहऱ्यावर दिसू देऊ नये. म्हणजे धर्माचे खरे क्षेत्र माणसाचे अंतःकरण आहे. लूकच्या शुभवर्तमानातही देवाचे राज्य माणसांच्या अंतरी असल्याचा विचार येतो. तेथील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘तुमच्यामध्ये’ असाही घेतला जातो. भाषांतराच्या एका शब्दाने धर्माचे केंद्र आत किंवा समुदायात सरकते. टिळकांच्या आयुष्यात ही दोन्ही केंद्रे आलेली पुढे दिसतील.

गिरिप्रवचनाचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे त्याची चित्रमयता. आकाशातील पाखरे, रानातील फुले, डोळ्यातील कुसळ आणि मुसळ, खडकावर आणि वाळूवर बांधलेली घरे अशा साध्या प्रतिमांतून ते बोलते. सिद्धांत बुद्धीला पटवावा लागतो, प्रतिमा कल्पनाशक्तीत थेट रुजते. टिळक मुळात कवी होते. रानफुलांकडे आणि पाखरांकडे पाहून देवाची माया ओळखा, असे सांगणारा गुरू त्यांना परका वाटला नाही. त्यांच्या निसर्गकवितेतील फुले आणि त्यांच्या भक्तिकवितेतील ख्रिस्त यांची मुळे एकाच जमिनीत आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘फुलांमुलांचे कवी’ या बिरुदाला नवा अर्थ प्राप्त होतो.

५. बाप्तिस्मा आणि त्याची किंमत

वाचन सुरू असतानाच टिळकांचा अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींशी, विशेषतः रेव्ह. जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी, संपर्क आला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो परदेशी मिशनऱ्याच्या हातून न घेता रेव्ह. तुकाराम नाथोजी या भारतीय पाळकाकडून घेतला, ही निवड त्यांच्या पुढील विचारांशी सुसंगत आहे.

ग्रंथ एकट्याने वाचता येतो, पण त्याचे परिणाम एकट्यापुरते राहत नाहीत. टिळकांनी पत्नीला विश्वासात न घेता हे पाऊल उचलले. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. पती हयात असून नसल्यासारखा, पदरी लहान मुलगा, भोवती सोवळ्याओवळ्याचे कडक वातावरण आणि आप्तांची बोलणी अशा स्थितीत त्यांनी सुमारे पाच वर्षे काढली. त्यातील काही काळ त्या पंढरपुरात होत्या. टिळकांच्या आध्यात्मिक प्रवासाचे वर्णन करताना या वर्षांवर पांघरूण घालणे न्यायाचे होणार नाही. अंतर्बोधाची वाट चालणारा माणूस जवळच्यांच्या दुःखाकडे किती पाहतो, हा प्रश्न या चरित्राने उभा केला आहे आणि त्याचे सोपे उत्तर नाही.

लक्ष्मीबाई पुढे टिळकांकडे आल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांनी आपली चूल आणि आपले सोवळे वेगळे ठेवले. मग जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाने त्यांना घेरले. तो माणसाने केला, असे मनाशी ठरल्यावर त्यांनी शिवाशिव टाकून दिली आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. पती ग्रंथातून जेथे पोहोचला, तेथे त्या रोजच्या जगण्याच्या अनुभवातून पोहोचल्या. लक्ष्मीबाईंचे औपचारिक शिक्षण नाममात्र होते, हे लक्षात घेता ही तुलना अधिकच बोलकी ठरते.

६. ‘माउली’ : एका शब्दाचे स्थलांतर

बाप्तिस्म्यानंतर टिळकांचे वास्तव्य मुख्यतः अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) आणि राहुरी येथे झाले. मिशनच्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयात त्यांनी अध्यापन केले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२पासून अखेरपर्यंत ते ‘ज्ञानोदय’ या १८४२ साली सुरू झालेल्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादक होते.

या काळात त्यांच्यापुढे भाषेचा मोठा प्रश्न होता. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत परदेशी चालींवर बेतलेली भाषांतरित गीते मोठ्या प्रमाणावर गायली जात. शब्द मराठी असत, पण स्वराघात, वाक्यरचना आणि प्रतिमासृष्टी परकी असे. भाषाविज्ञानाच्या दृष्टीने पाहिले तर शब्दाचा अर्थ कोशात संपत नाही. बोलणाऱ्यांच्या स्मृती, विधी आणि नाती त्या अर्थाला वेढून असतात. परक्या वृत्तातील प्रार्थना ओठांवर येते, पण आईच्या मांडीवर ऐकलेली ओवी ज्या खोलीवर पोहोचते, तेथे ती उतरत नाही.

टिळकांनी अभंग, ओवी, पद आणि कीर्तन हे देशी प्रकार स्वीकारले. ख्रिस्ताला त्यांनी माउली म्हटले. हा एक शब्द नीट पाहण्यासारखा आहे. वारकरी परंपरेत ज्ञानेश्वर माउली आहेत, विठ्ठल पुरुषरूप असूनही विठाई आहे. देवाला आई म्हणण्याची ही सवय मराठी मनात शतकानुशतके मुरलेली आहे. युरोपीय ख्रिस्ती प्रार्थनेत देवाचे पितृत्व मध्यवर्ती होते. टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हणताच नात्याचा पोतच बदलला. धाक आणि आज्ञा यांच्या जागी कुशी आणि वात्सल्य आले. येथे परकी कल्पना मराठीत केवळ भाषांतरित झाली नाही. मराठीच्या भावविश्वातून ख्रिस्ताचे एक वेगळे रूप दिसू लागले. तुकारामांच्या अभंगांनी आपल्याला ख्रिस्तापर्यंत नेणारा पूल बांधून दिला, अशी टिळकांची धारणा होती. ती समजून घेण्यासाठी हे उदाहरण पुरेसे आहे.

‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात टिळकांची अडीचशेच्या आसपास पदे आहेत. महाराष्ट्रातील अनेक मंडळ्यांत ती आजही टाळ-मृदंगाच्या साथीने गायली जातात. ‘अभंगांजली’ मधील रचनांत आत्मपरीक्षण, विरह, शरणागती आणि मिलनाची आस या संतकाव्यातील भावावस्था स्पष्ट दिसतात.

या देवघेवीला दुसरी बाजूही आहे. टिळकांना जवळून ओळखणारे जस्टिन अ‍ॅबट पुढे मराठी संतांच्या चरित्रांकडे वळले आणि महिपतीकृत संतचरित्रांचे इंग्रजी अनुवाद करून त्यांनी ती जगापुढे ठेवली. शास्त्री बायबलमध्ये रमला आणि मिशनरी ‘भक्तविजया’त. पुलावरून ये-जा दोन्ही दिशांनी झाली.

७. ‘ख्रिस्तायन’

टिळकांच्या आधी सुमारे तीन शतके फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली प्रसिद्ध झाले. स्टीफन्स इंग्लंडहून आले आणि मराठी शिकून मराठीत शिरले. टिळक मराठीतून निघून ख्रिस्तचरित्राकडे गेले. दोघांनी ओवीच निवडली, मात्र दोघांच्या प्रवासाची दिशा वेगळी होती.

१९०९च्या सुमारास टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभले. नावातच रामायणाची आठवण आहे. आपल्या लोकांनी रामकथा जशी कानांनी ऐकून डोळ्यांपुढे उभी केली, तशी ख्रिस्तकथा उभी राहावी, ही आकांक्षा त्यामागे होती. ते काम टिळकांच्या हातून अपुरे राहिले. उरलेल्या ग्रंथाचा मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला आणि त्यांच्या निधनानंतर १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या वाचनाने एकेकाळी या दांपत्याची ताटातूट केली, त्याच वाचनातून निघालेले काव्य पत्नीने पुढे नेले. वाङ्मयेतिहासात असा योग विरळा.

८. देवाचा दरबार

सप्टेंबर १९१७ मध्ये टिळकांनी मिशनच्या सेवेचा राजीनामा दिला. वेतन सोडले, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ या बंधुसंघाची उभारणी आरंभली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त येथे एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. चर्चच्या चौकटीत हा विचार सहज बसणारा नव्हता. बाप्तिस्मा ही सीमारेषा मानायची की अंतःकरणातील ओळख पुरेशी समजायची, हा वादाचा मुद्दा होता.

टिळकांची वाट आता पूर्ण झालेली दिसते. तरुणपणी त्यांनी कर्मकांडाच्या पलीकडील धर्म शोधला. ख्रिस्ती झाल्यावर संस्थेच्या भिंती त्यांना पुन्हा अपुऱ्या वाटू लागल्या. गिरिप्रवचनाचे जे थापटणे त्यांनी जुन्या धर्माला लावले होते, तेच त्यांनी आपल्या मिशनला आणि शेवटी स्वतःलाही लावले. आत उमगलेले राज्य त्यांना आता माणसांमध्ये उभे करायचे होते. दरबाराला मात्र आयुष्य थोडे लाभले. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले.

९. समारोप

टिळकांच्या चरित्रातून वाचनाविषयी तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, धर्मग्रंथ वादासाठी वाचला तर तो शस्त्र होतो आणि आत्मपरीक्षणासाठी वाचला तर आरसा होतो. दुसरी, कोणताही वाचक कोऱ्या मनाने वाचत नाही. टिळकांजवळ तुकाराम होते म्हणून त्यांना ख्रिस्त तसा दिसला. आपल्या भाषेने दिलेली कल्पनाशक्ती हेच आपल्या वाचनाचे भांडवल असते. तिसरी, अंतर्बोध खरा की नाही हे जगण्यात कळते. लक्ष्मीबाईंची पाच वर्षे आणि मिशनचा राजीनामा या दोन्ही गोष्टी तराजूत घालूनच टिळकांचे मोल करावे लागते. असे केल्याने त्यांचे मोठेपण कमी होत नाही, ते माणसाचे मोठेपण म्हणून समोर येते.

दिवसभराचे काम आटोपून, घर निजल्यावर पुस्तक उघडणाऱ्या आपणां विद्यार्थ्यांना हे चरित्र जवळचे वाटावे. टिळकांनाही त्या ग्रंथाचे वाचन करताना समोर शिक्षक नव्हता. होते ते पुस्तक, पाठ असलेले अभंग आणि प्रामाणिकपणे विचारलेले प्रश्न.

स्वाध्याय

१. टिळकांना गिरिप्रवचन का भावले असावे, ते त्यातील आशय आणि प्रतिमा यांच्या आधारे लिहा.
२. ‘माउली’ या शब्दाच्या उपयोजनातून टिळकांनी काय साधले, ते स्पष्ट करा.
३. नारायण वामन आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या धर्मांतराच्या प्रक्रियांतील साम्यभेद सांगा.
४. ‘देवाचा दरबार’ या कल्पनेमागील भूमिका विशद करा.

क्षेत्रीय कार्य

तेर येथील गोरोबाकाकांच्या समाधिस्थळाला भेट द्या. तेथील भाविकांकडून थापटण्याची कथा ऐका आणि जशी सांगितली तशी लिहून घ्या. सांगणाऱ्याने कथेचा कोणता अर्थ लावला, हे वेगळ्या परिच्छेदात नोंदवा. त्यानंतर आपल्या परिसरातील एखाद्या ख्रिस्ती मंडळीत गायले जाणारे टिळकांचे पद ऐकून त्यातील संतकाव्याच्या खुणा शोधा.